न समजलेल्या कागदावरचा अंगठा

भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागावर बारा-बारा तास उभा राहणारा उर्दूभाषक कामगार क्षयाने खंगून सरकारी दवाखान्याची पायरी चढतो. दोन महिने औषध घेतल्यावर थुंकीच्या तपासणीची चिठ्ठी त्याच्या हाती पडते. तीवर एकच शब्द असतो : ‘निगेटिव्ह’. दुखणे संपले अशी त्याची समजूत होते. तो औषध सोडतो व मागावर परततो. सहा महिन्यांचा उपचार असा मध्येच तुटतो, जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि एकाच खोलीत दाटीवाटीने राहणाऱ्या त्याच्या सोबत्यांनाही धोका उत्पन्न होतो. ‘बलगम में जरासीम अब नजर नहीं आते, मगर बीमारी अभी अंदर बाकी है,’ एवढे एक वाक्य त्याला कोणी ऐकवले असते तर हे टळले असते. ते वाक्य उच्चारण्याची जबाबदारी मात्र कोणाचीच नव्हती!

अशा रोग्याला क्षयनिवारणाच्या कागदपत्रांत वर्षानुवर्षे ‘डिफॉल्टर’ म्हणत. सावकार कर्जबुडव्याला जे विशेषण लावतो तेच व्यवस्थेने रोग्याला लावले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली ही संज्ञा बदलली. संज्ञा बदलली तरी दोष रोग्याच्या माथी मारण्याची वृत्ती गेलेली नाही. ज्याला सांगितलेच नाही त्याने ऐकले नाही, असा हा अजब न्याय आहे.

शस्त्रक्रियेच्या दालनाबाहेर हा प्रश्न अधिकच भीषण होतो. इंग्रजीत छापलेल्या संमतिपत्रावर ‘हिस्टरेक्टॉमी’ असा शब्द असतो आणि त्याखाली स्त्रीचा अंगठा घेतला जातो. ‘बच्चेदानी निकाली जाएगी, फिर औलाद नहीं होगी,’ हे तिला कोणी सांगितले का? सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालच्या एका निकालात स्पष्ट केले आहे की, उपचाराचे स्वरूप, त्यातील धोके व त्याचे पर्याय यांची पुरेशी माहिती दिल्यावाचून घेतलेली संमती ही संमतीच नव्हे. नव्या औषधांच्या चाचण्यांसंबंधीच्या २०१९ च्या नियमांनुसार चाचणीत सहभागी होणाऱ्याला समजेल अशाच भाषेत माहिती देणे बंधनकारक आहे. औषध कंपनीच्या प्रयोगासाठी रोग्याची भाषा आठवते. त्याच्या स्वतःच्या जिवासाठी आठवत नाही. याहून मोठा उपहास कोणता?

यावर विद्वानांचे उत्तर ठरलेले असते : वैद्यकशास्त्र देशी भाषांत मावत नाही. इतिहास या उत्तराला खोटे पाडतो. निजामाच्या हैदराबादेत १९१७ साली भाषांतर विभाग स्थापन झाला आणि उस्मानिया विद्यापीठाने वैद्यकाचे पदवीशिक्षणदेखील उर्दूतून दिले. या भाषांतरकार्याच्या आरंभी धुरा वाहणारे मौलवी अब्दुल हक यांचे वास्तव्य मराठवाड्यात, त्या वेळच्या औरंगाबादेत, अनेक वर्षे होते. वहीदुद्दीन सलीम यांनी १९२१ साली परिभाषानिर्मितीवर स्वतंत्र ग्रंथ लिहून केवळ अरबीवर विसंबून न राहता हिंदी व फारसी शब्दांचाही आधार घेण्याचा मार्ग दाखविला. अर्थात या प्रयोगाचा अनाठायी गौरव करण्याचे कारण नाही. संस्थानातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी व कन्नड बोलत होती आणि तिच्यावर दरबाराची भाषा लादली गेली होती. परंतु भाषा दुबळी असते हा आक्षेप त्या प्रयोगाने कायमचा निकालात काढला. दुबळी असते ती राज्यकर्त्यांची इच्छा.

मात्र परिभाषा घडविणे निराळे आणि रोग्याला समजावणे निराळे. मध्य प्रदेश सरकारने २०२२ साली वैद्यकाची हिंदी पुस्तके मोठ्या समारंभाने प्रकाशित केली. त्यांत इंग्रजी संज्ञा बहुतांशी देवनागरीत जशाच्या तशा उतरविल्या आहेत. विद्यार्थ्याला त्याचा उपयोग होईलही. परंतु ‘बायोप्सी’ हा शब्द देवनागरीत वा उर्दू लिपीत लिहिल्याने रोग्याला काय कळणार? ‘गोश्त का छोटासा टुकडा निकालकर जांच करेंगे, इससे बीमारी फैलती नहीं,’ असे म्हटले तरच त्याची भीती जाते. उलट टोकाचा पंडितही तितकाच निरुपयोगी. मोहल्ल्यात ‘शुगर’ सर्वांना कळते. तेथे ‘जियाबेतीस’चा आग्रह धरणारा रोग्याची नव्हे, कोशाची सेवा करतो. गुर्दा, जिगर, फालिज हे शब्द जिवंत आहेत, ते वापरावेत. कॅन्सर, बीपी हे लोकांनी आपलेसे केले आहेत, तेही राहू द्यावेत. जेथे शब्दच नाही तेथे साधे वाक्य योजावे.

उर्दूचे नाव काढताच ‘अनुनय’ अशी आरोळी ठोकणारे महाराष्ट्रात थोडे नाहीत. २०११ च्या जनगणनेनुसार या राज्यात सुमारे ७५ लाख लोकांची मातृभाषा उर्दू आहे. त्यांतील बहुतेक कष्टकरी आहेत. शिवाय मराठी माणूस ‘तब्येत’ बिघडली म्हणून ‘दवाखान्यात’ जातो, ‘जखमेवर’ ‘मलम’ लावतो आणि ‘इलाज’ विचारतो, तेव्हा अरबी-फारसीतून आलेलेच शब्द तो बोलत असतो. दुखण्याच्या भाषेत तरी ही दोन घरे शेजारची आहेत.

केवळ मातृभाषा पुरेशी आहे, असेही नव्हे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला. त्या स्त्रियांना कॅन्सरची भीती घातली गेली ती शुद्ध मराठीतच. म्हणून भाषेबरोबर प्रामाणिकपणाही मागावा लागेल, आणि समजावणारा माणूस नफ्याच्या साखळीबाहेरचा असावा लागेल.

हे अशक्य नाही. पश्चिम उत्तर प्रदेशात अनेक मुस्लिम घरांनी पोलिओच्या थेंबांना दारे लावून घेतली होती. १९७६ सालच्या सक्तीच्या नसबंदीने सरकारवरील विश्वास उडविला होता आणि थेंबांनी वांझपण येते ही अफवा त्यावर पोसली गेली. तेथे पोलिसी बळ कामाला आले नाही. वस्तीतल्याच स्त्रिया दारोदार गेल्या, इमामांनी व शिक्षकांनी लोकांच्या बोलीत शंका फेडल्या. १३ जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा एकही रुग्ण आढळला नाही.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. उर्दूभाषक वस्तीतील प्रत्येक सरकारी रुग्णालयात पगारी दुभाषे नेमावेत, आणि ते त्याच वस्तीतील शिकलेल्या मुलामुलींतून घ्यावेत. संमतिपत्रे मराठीबरोबर उर्दूतही असावीत व अंगठ्यापूर्वी ती वाचून दाखविली जावीत. रोग्याने ऐकलेले स्वतःच्या शब्दांत परत सांगितल्यावाचून संमती ग्राह्य धरू नये. गोंडी, भिली, कोरकू बोलणाऱ्यांचाही हाच हक्क आहे.

समाजवादी चळवळीने ‘अंग्रेजी हटाओ’ ही घोषणा भिंतींवर पुष्कळ रंगविली. रुग्णालयाच्या खाटेपर्यंत ती पोचली नाही. कार्यकर्त्यांनी आता तेथे जावे, रोग्याच्या उशाशी बसावे व त्याच्या हातातील कागद त्याला वाचून दाखवावा. ज्या राज्यात माणसाला स्वतःच्या शरीराचे काय होणार हे कळत नाही, तेथे त्याच्या मताला तरी काय किंमत राहणार? न समजलेल्या कागदावरचा अंगठा ही संमती नव्हे. तो गुलामगिरीचा शिक्का आहे.