विश्लेषण : ‘बाळ-बाळंतीण सुखरूप’, पण मनावरचा आघात मोजायचा कसा?

ब्रिटनमधील सर्वपक्षीय संसदीय गटाने मे २०२४ मध्ये बाळंतपणातील आघाताविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यासाठी १,३०० हून अधिक जणांनी आपले अनुभव कळवले होते. वेदनांकडे दुर्लक्ष, अपमानास्पद वागणूक आणि नंतर महिनोन्‌महिने छळणाऱ्या आठवणी असे त्यांचे स्वरूप होते. पण हा मानसिक आघात मोजतात कसा?

नैराश्य आणि आघात एकच आहेत का?

नाही. बाळंतिणीच्या मनाची चौकशी करण्यासाठी जगभर प्रामुख्याने ‘एडिनबरा’ ही १० प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. ती १९८७ मध्ये आली. गेल्या सात दिवसांतील उदासी, चिंता, रडू येणे असे प्रश्न तिच्यात असतात. प्रसूतीच्या वेळी काय घडले, हे मात्र ती विचारत नाही. त्यामुळे उदास नसलेली, पण प्रसूतिगृहाच्या आठवणीने दचकून उठणारी स्त्री या चाळणीतून निसटू शकते.

मग वेगळे मोजमाप कोणते?

लंडनच्या सिटी विद्यापीठातील सुझन एअर्स व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘सिटी बर्थ ट्रॉमा स्केल’ प्रसिद्ध केले. यात २९ प्रश्न आहेत. सुरुवातीलाच विचारले जाते : प्रसूतीच्या वेळी किंवा लगेच नंतर तुमच्या किंवा बाळाच्या जिवाला धोका आहे असे तुम्हाला वाटले का? पुढे नकोशा आठवणी, वाईट स्वप्ने, विषय टाळणे, स्वतःला दोष देणे, सतत सावध राहणे ही लक्षणे आठवडाभरात किती वेळा जाणवली, याचे गुण दिले जातात.

इथे ‘तुम्हाला वाटले का’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. डॉक्टरांच्या नोंदीत ‘नॉर्मल’ असलेली प्रसूतीही त्या स्त्रीसाठी भयंकर असू शकते. झोपेचा प्रश्नही विचारपूर्वक घातला आहे : बाळाच्या जागरणाशिवाय अन्य कारणाने झोप लागत नाही का? तान्ह्या बाळाच्या आईची झोपमोड आजार म्हणून मोजली जाऊ नये, हा त्यामागचा हेतू.

प्रमाण किती?

२०१७ मधील एका आढाव्यानुसार सर्वसाधारण गटात सुमारे ४ टक्के, तर गुंतागुंतीची प्रसूती किंवा अन्य जोखीम असलेल्या गटात सुमारे १८ टक्के महिलांना आघातोत्तर तणाव विकार आढळला. प्रश्नावली मात्र निदान करत नाही, ती फक्त इशारा देते. लक्षणे महिन्याहून अधिक टिकली आणि रोजच्या जगण्यात अडथळा आला, तर तज्ज्ञांची तपासणी आवश्यक ठरते.

आपल्याकडे काय?

गोव्यातील २००२ च्या अभ्यासात २३ टक्के मातांमध्ये प्रसूतीनंतर ६ ते ८ आठवड्यांनी नैराश्य दिसले होते. तो अभ्यास नैराश्याचा होता, आघाताचा नव्हे. आशा सेविका ४२ दिवसांत ठरलेल्या भेटी देऊन बाळाचे वजन, ताप पाहतात. याच भेटींत आईला बाळंतपण कसे गेले, असे विचारता येईल. पण उत्तर सासूबाईंसमोर द्यावे लागले, तर ‘सगळे ठीक’ हेच ऐकू येण्याची शक्यता जास्त. म्हणून प्रश्नाइतकाच एकांतही गरजेचा आहे आणि ‘हो, त्रास होतोय’ म्हणणाऱ्या आईला पुढे कुठे पाठवायचे, हेही आधी ठरलेले हवे.

मदतीसाठी सरकारची ‘टेली-मानस’ हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत उपलब्ध आहे.