गिटारीचे सोवळे

मराठी विभागात शिकवणाऱ्या दोघांनी इलेक्ट्रिक गिटारीवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. आम्ही दोघेही ती हौसेने वाजवतो आणि बेताचीच वाजवतो. तरी आज लिहायला बसलो ते हौसेपोटी नाही. 'अस्सल' हा शब्द वर्गात उच्चारताना आपण दहादा थबकतो. मूळ संहिता कोणती, ती कुणाच्या प्रतीतली, तिला मूळ कुणी ठरवले, हे प्रश्न विचारायला आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. तोच शब्द गिटारवाल्यांच्या बैठकीत मात्र सोवळ्यासारखा वापरला जातो, आणि त्याचा विटाळ कुणाला होतो ते आम्ही नुकतेच पाहिले.

स्नेहसंमेलनाच्या तालमीला आमची द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी आपली काळी गिटार घेऊन आली होती. शिकवण्या करून जमवलेल्या पैशांतून तिने त्या गिटारीत नवे, घरघर न करणारे पिकअप बसवून घेतले होते. बाहेरून साथीला आलेल्या दोघा मुरब्बी वादकांपैकी एकाने गिटारीच्या अंगावर नखाने टिचकी मारली आणि म्हटले, "प्लास्टिक आहे हे. लाकडाला श्वास कसा घेता येणार?" दुसऱ्याने पिकअपकडे पाहून तोंड वाकडे केले. दुसऱ्या दिवशी ती आम्हाला विचारायला आली, "सर, विकून टाकू का ही?"

प्रथम हे श्वासाचे प्रकरण. गिटारीचे लाकूड म्हणजे कापलेले, वाळवलेले, मेलेले लाकूड. ते श्वास घेत नाही. ज्या नायट्रोसेल्युलोज लॅकरची आज पूजा चालते, ते १९२०च्या दशकात मोटारींच्या कारखान्यांत रुळले, कारण ते झटपट वाळत असे. १९५०च्या दशकात गिटार-उत्पादकांनी ते वापरले तेही त्याच कारणाने. फेंडर कंपनीचे नावाजलेले रंग तर मोटारींच्या रंगांतूनच आले. लेक प्लॅसिड ब्लू ही कॅडिलॅकची छटा. आणि तो रंग नायट्रोसुद्धा नव्हता, अ‍ॅक्रिलिक होता. कारागिराने रात्र जागून लाकडाचा आत्मा ओळखला आणि त्याला साजेसे रोगण निवडले, अशी कथा ऐकायला गोड आहे. वस्तुस्थिती एवढीच की कारखान्याला माल लवकर बाहेर काढायचा होता.

गिब्सनच्या १९५८ ते १९६० या काळातल्या सनबर्स्ट लेस पॉल गिटारी घ्या. त्यांच्या कडेचा लाल रंग उन्हात उडून जाई. कंपनीच्या दृष्टीने हा दोष होता, म्हणून १९६०मध्ये तिने न उडणारा लाल वापरायला सुरुवात केली. आज संग्राहक त्याच उडालेल्या लालाच्या फिकट पिवळ्या छटांना लाडकी नावे देतात आणि नव्या गिटारींवर ती फिकटी मुद्दाम रंगवून घेतात. ज्या चुकीची कारखान्याने दुरुस्ती केली, ती चूकच आता प्रमाण ठरली आहे.

आमच्या विरोधकांचे एक म्हणणे मात्र आम्हाला मान्य आहे. १९७०च्या दशकातल्या अनेक गिटारींवरचा पॉलिएस्टरचा थर बाटलीच्या काचेसारखा जाड होता. तो हाताला आणि डोळ्यांना दोन्हीकडून परका वाटे. पण तेव्हापासून अर्धशतक उलटले. आज पॉलियुरेथेनचे पातळ थर देता येतात. दांड्यावर मंद, चकाकी नसलेले पॉलिश देता येते, त्यावरून अंगठा सहज सरकतो. उलट दमट हवेत आणि घामाच्या हाताखाली नायट्रोचा दांडा चिकचिकतो, आणि साध्या रबरी स्टँडवर ठेवलेल्या गिटारीच्या नायट्रोवर त्या रबराचे वळ उठतात. मुंबईत किंवा रत्नागिरीत जुलै काढलेल्या माणसाने तरी नायट्रोचे पोवाडे जपून गावेत.

आता पिकअप. चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिले की पिकअप तयार होतो. वर पोलादी तार थरथरते, चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत विजेचा क्षीण संकेत उमटतो. लाकडाचा तारेच्या थरथरण्यावर किती परिणाम होतो, हा वाद आम्ही बाजूला ठेवतो; आवाजाचा स्वभाव बव्हंशी पिकअपच्या वेढ्यांत, चुंबकात आणि पुढच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ठरतो, एवढे पुरे. पण हाच वेढा आसपासच्या विजेची घरघरही टिपतो. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तने करते, आणि सिंगल कॉइल पिकअप ती इमानेइतबारे ऐकवतो.

या घरघरीवर उपाय शोधण्याचे काम गिब्सनमधल्या सेथ लव्हर या अभियंत्याने केले. एकमेकांच्या उलट जोडलेले दोन वेढे आणि त्यांखाली उलट चुंबकीय ध्रुव, म्हणजे घरघर वजा होते आणि स्वर मात्र जमा होतो. १९५५मध्ये त्याने एकस्वासाठी अर्ज केला, १९५७पासून हे पिकअप लेस पॉलवर आले. एकस्वाचा अर्ज प्रलंबित असल्याचे सांगणारी चिकटपट्टी ज्यांच्या पाठीवर आहे, ते 'पीएएफ' पिकअप आज देव्हाऱ्यात बसले आहेत. म्हणजे ज्याची पूजा होते ती वस्तू स्वतःच एक सुधारणा होती! तिचा जन्मच जुन्या पिकअपविषयीच्या असमाधानातून झाला. त्यातही गंमत अशी की तेव्हा वेढ्यांची संख्या काटेकोर मोजली जात नसे आणि हाती येईल त्या प्रतीचे चुंबक बसवले जात. प्रत्येक पिकअप थोडा वेगळा निघे. आज तीच बेफिकिरी काटेकोर मोजमाप करून पुन्हा घडवतात आणि तिचे जादा पैसे घेतात.

लिओ फेंडरचे नाव तर विरोधकांच्या ओठांवर सतत असते. हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला गिटार वाजवता येत नव्हती. १९६५मध्ये त्याने कंपनी विकली, पण हात थांबले नाहीत. पुढे म्युझिक मॅन आणि जी अँड एल या कंपन्यांत १९९१मध्ये मृत्यू येईपर्यंत तो नवे पिकअप, नवी जोडणी, नवे पूल घडवत राहिला. स्वतःची १९५४ची स्ट्रॅटोकास्टर त्याला अंतिम शब्द वाटली नाही. ती वाटते त्याच्या भक्तांना.

आणि ज्या गिटारींच्या दंतकथा झाल्या, त्या तरी मूळ स्थितीत होत्या काय? डेव्हिड गिल्मरची काळी स्ट्रॅटोकास्टर २०१९मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलरना गेली. तिचा काळा रंग मूळच्या सनबर्स्टवर चढवलेला होता. दांडा अनेकदा बदलला, पिकअप बदलले, दुसरा ट्रेमोलो बसवायला लाकूड कोरले आणि पुढे ती खाच बुजवली. १९९४च्या दौऱ्यात तर गिल्मरच्या गळ्यात मुख्यतः लाल स्ट्रॅटोकास्टर होती, बॅटरीवर चालणारे ईएमजी पिकअप असलेली. एडी व्हॅन हेलनने स्वस्तातले अंग, स्वस्तातला दांडा आणि दुसऱ्या गिटारीतून काढून मेणात बुडवलेला पिकअप जोडून आपली 'फ्रँकेनस्ट्रॅट' उभी केली. मूळपणाची एवढी उघड थट्टा दुसरी नसेल. २००७मध्ये तिच्या तीनशे प्रतिकृती निघाल्या, ओरखड्यांसकट, प्रत्येकी २५ हजार डॉलरना.

इथे आमचा खरा आक्षेप आहे. १९९०च्या दशकापासून 'रेलिक' गिटारींचा बाजार फोफावला: नव्या कोऱ्या गिटारीचे रोगण खरवडायचे, पत्रा गंजवायचा, कोपर टेकते तिथले लाकूड उघडे पाडायचे. रोरी गॅलाघरच्या स्ट्रॅटोकास्टरचा रंग त्याच्या घामाने आणि वर्षानुवर्षांच्या मैफलींनी गेला. त्याच्या नावाने विकत मिळणाऱ्या गिटारीचा रंग कारखान्यात जातो. आपल्या क्षेत्रात याला काय म्हणू? पोथीतली वाळवीने खाल्लेली जागा संपादक नोंदवतो. नव्या प्रतीचा कागद तो स्वतः कुरतडत बसत नाही. ज्याला असली गिटार घ्यायची त्याने खुशाल घ्यावी. पण दुसऱ्याच्या घामाचा डाग विकत घेऊन आलेल्या माणसाने एका मुलीच्या निर्व्याज काळ्या रंगाला खोटे म्हणू नये.

वाद्याशी असे वागण्याची आपली रीतही नाही. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी बिघडली की ती पुन्हा काढून घेतात. घोडीचा पृष्ठभाग घासला जातो, दर खेपेला थोडा बदलतो. मूळ घोडीला हात लावला म्हणून कुणी आरडाओरड केल्याचे आम्ही ऐकलेले नाही. आवाज लागला की नाही, एवढेच गवई पाहतो.

सुरुवातीच्या काळातले काही बिनघरघरीचे पिकअप बोथट वाजत, हेही खरे. त्यांतली धार हरवे. ज्याच्या कानाला जुन्या सिंगल कॉइलची धारच हवी, त्याने ती घरघरीसकट पत्करावी, तो त्याचा हक्क आहे. आमचे भांडण कानाशी नाही, टिचकीशी आहे.

संमेलनाच्या संध्याकाळी सभागृहातले दिवे डिमरवर होते. पडदा वर गेला, दिवे अर्ध्यावर आले आणि त्या मुरब्बी वादकाची गिटार घरघरू लागली. तो रंगमंचावर इकडे तोंड कर, तिकडे तोंड कर, असे करत राहिला. संथ कडव्यात तर त्याला आवाजाची कळ पूर्ण खाली करावी लागली. आमच्या विद्यार्थिनीने त्या कडव्यात चारच स्वर वाजवले. दोन स्वरांच्या मध्ये पंख्यांचा आवाज ऐकू येत होता.