विश्लेषण : वेठबिगारीतून आलेला माल ओळखायचा कोणी?

नवी दिल्ली : कॅनॉट प्लेसहून इंडिया गेटकडे जाणाऱ्या कस्तुरबा गांधी मार्गावर २४ क्रमांकाच्या इमारतीत अमेरिकन सेंटर आहे. याच मार्गावर इंडिया गेटच्या बाजूला नवे महाराष्ट्र सदन आहे. पायी गेल्यास दोन्ही वास्तूंमधील अंतर काही मिनिटांचे. बालमजुरी आणि सक्तीच्या श्रमातून तयार होणारा माल ओळखण्याच्या प्रश्नावर मात्र ही दोन सरकारे एकमेकांपासून फार दूर उभी आहेत. अमेरिकेचा श्रम विभाग २००९ पासून अशा मालाची देशवार यादी प्रसिद्ध करतो. ज्या मजुरांच्या घामावर महाराष्ट्राचे साखर कारखाने चालतात, त्या ऊसतोड मजुरांची परिस्थिती राज्य सरकारला त्या यादीपेक्षा कितीतरी अधिक ठाऊक आहे; पण मालावर बोट ठेवण्याची कोणतीही व्यवस्था ना राज्याकडे आहे, ना केंद्राकडे.

अमेरिकेच्या पहिल्या यादीत ५८ देशांतील १२२ वस्तू होत्या. सप्टेंबर २०२४ च्या यादीत ८२ देश व प्रदेशांतील २०४ वस्तूंचा समावेश झाला. भारताच्या नावापुढे विड्या, विटा, गालिचे, हायब्रीड कापसाचे बियाणे, भरतकामाचे कापड, तयार कपडे, काचेच्या बांगड्या, कुलपे, फटाके, आगपेट्या, अभ्रक, वालुकाश्म, तांदूळ अशी लांबलचक नोंद आहे. यादीत नाव आल्याने माल अडवला जात नाही, दंडही होत नाही. ‘असे मानण्यास वाजवी आधार आहे’ एवढेच ती म्हणते. तरीही परदेशी खरेदीदाराच्या लेखापालासाठी तो इशारा पुरेसा असतो. भारतीय निर्यातदारांचा आणि मंत्रालयांचा आक्षेप जुनाच आहे : आधार म्हणून घेतलेले अहवाल जुने, पाहणीचे नमुने छोटे आणि काही कारखान्यांच्या चुकीचा ठपका संपूर्ण उद्योगावर. या आक्षेपात तथ्य आहे. मात्र त्याला उत्तर म्हणून दाखवता येईल अशी स्वतःची ताजी आकडेवारी भारताकडे नाही, ही अडचण आक्षेप घेणारे सहसा बोलून दाखवत नाहीत.

२०११ च्या जनगणनेत ५ ते १४ वयोगटातील काम करणारी मुले १.०१ कोटी होती. आजही सरकारी कागदपत्रांत हाच आकडा फिरतो. वेठबिगारीबाबतची विसंगती तर याहून ठळक आहे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये २०३० पर्यंत १.८४ कोटी वेठबिगारांची मुक्तता व पुनर्वसन करण्याचे उद्दिष्ट मांडले होते. १९७८ पासूनच्या चार दशकांहून अधिक काळात सरकारी नोंदीनुसार मुक्त झालेल्यांची संख्या ३ लाखांच्या आसपास आहे. उद्दिष्ट खरे मानले तर शोध अपुरा ठरतो आणि शोध पुरेसा मानला तर उद्दिष्टाला आधार उरत नाही.

कायद्याची उणीव मात्र कधीच नव्हती. राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ ने वेठ आणि सक्तीच्या श्रमावर, तर अनुच्छेद २४ ने १४ वर्षांखालील मुलांना कारखाने, खाणी व धोकादायक कामांवर ठेवण्यास बंदी घातली. १९८२ मध्ये दिल्लीत आशियाई क्रीडा स्पर्धांची बांधकामे सुरू असताना तेथील मजुरांच्या स्थितीवर पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्सने याचिका केली. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल आजही जगातील अनेक कायद्यांच्या पुढे आहे. किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करणारा माणूस भुकेच्या सक्तीने काम करत असतो, म्हणून तेही अनुच्छेद २३ खालील सक्तीचे श्रम होय, असे न्यायालयाने ठरवले. बांधकाम हे धोकादायक काम असल्याने १४ वर्षांखालील मुलाला तेथे ठेवता येणार नाही, हेही त्याच निकालात आले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९८३ मध्ये, फरीदाबादच्या दगडखाणींविषयी बंधुआ मुक्ती मोर्चाच्या पत्रावर निकाल देताना न्यायालय आणखी एक पाऊल पुढे गेले. मजुराकडून सक्तीने काम करून घेतले जात असल्याचे दिसले, तर त्याने उचल घेतली आहे आणि तो वेठबिगार आहे असे गृहीत धरावे. तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची आणि सरकारची राहील. हे मजूर सक्तीने राबत असतील, पण ते कायद्याच्या अर्थाने वेठबिगार नाहीत, हा हरियाणा सरकारचा युक्तिवाद न्यायालयाने फेटाळला होता. दिल्लीच्या वेशीवरच्या त्या दगडाचे नाव पुढे अमेरिकेच्या यादीत आले.

या व्याख्येच्या कसोटीवर महाराष्ट्रातील ऊसतोडणी तपासली, तर यादीच्या पद्धतीची मर्यादा लक्षात येते. बीड, अहिल्यानगर, जालना आणि लगतच्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो मजूर पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मुकादम पावसाळ्यातच उचल देतो. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि हिशेब कोयत्याचा होतो. हंगामाअखेर उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या हंगामावर जाते आणि त्याच मुकादमाकडे पुन्हा जाणे भाग पडते. कारखान्याचा करार तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी असतो. मजूर त्याच्या हजेरीपटावर नसतो. कारखान्याच्या दप्तरी उसाचा गट, गाडीचा क्रमांक आणि वजनकाट्यावरचे टन यांची काटेकोर नोंद असते. तोडणाऱ्या बाईचे नाव कुठेच नसते.

मजुरी टनावर ठरते. जानेवारी २०२४ मधील समझोत्यात ३४ टक्के वाढ होऊन दर टनाला ३६६ रुपये झाला. ही वाढ संघर्षाने मिळाली आणि तिचे मोल कमी नाही. पण तासांची नोंद नसल्याने किमान वेतनाशी तिची तुलना करायला कोणाच्याही हाती आधार उरत नाही. पहाटे फडात गेलेल्या आई-बापांच्या मागे पाचटातून वाढे गोळा करणारे, मोळ्या बांधणारे, धाकट्या भावंडाला सांभाळणारे दहा-बारा वर्षांचे मूल या टनात विरघळून जाते. त्याच्या हातांनी वाढलेले वजन बापाच्या खात्यावर पडते. बालमजुरी कायद्याची २०१६ ची दुरुस्ती शाळेच्या वेळेनंतर कुटुंबाच्या कामात मदत करण्याची मुभा देते. फडावर तर अनेकदा शाळाच नसते. पूर्वी साखर शाळा निघाल्या, नंतर गावातच मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आली. ज्या गावात वसतिगृह नीट चालते तेथील मुले मागे राहतात आणि जेथे ते कागदावर चालते तेथील मुले गाडीत बसतात, इतका साधा हा हिशेब आहे.

मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्टने महाराष्ट्राच्या साखरेवर सविस्तर शोधवृत्त प्रसिद्ध केले. कर्जाची बेडी, बालविवाह, गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया आणि ती साखर घेणाऱ्या बहुराष्ट्रीय शीतपेय कंपन्या, अशी साखळी त्यात मांडली होती. मराठी वाचकाला त्यातले फारसे काही नवे नव्हते. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, हा आकडा राज्य सरकारनेच २०१९ मध्ये नेमलेल्या डॉ. नीलम गोऱ्हे समितीच्या कामातून पुढे आला होता. सरकारने ठरवले तर घरोघरी जाऊन मोजणी करता येते, याचा हा पुरावा. त्या मोजणीतून बायका मोजल्या गेल्या. त्यांनी तोडलेली साखर कोणाच्या बाटलीत गेली, हे विचारण्याचे काम परदेशी वृत्तपत्रावर सोडले गेले.

याचे एक कारण बाजारपेठेत आहे. भारतातील बहुतांश साखर देशातच खपते. बांगड्या, विटा, विड्या, फटाके यांचेही तेच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना व युनिसेफच्या २०२५ च्या अंदाजानुसार जगात १३.८ कोटी बालमजूर आहेत आणि त्यांतील ६१ टक्के शेतीत आहेत. निर्यातीच्या दारात उभे राहून माल तपासणारी कोणतीही यादी या मुलांपैकी थोड्यांपर्यंतच पोहोचते. दिल्लीचा अनुभवही तसाच आहे. ऑक्टोबर २००७ मध्ये ब्रिटनच्या ऑब्झर्व्हर वृत्तपत्राने शाहपूर जाट भागातील भरतकामाच्या खोल्यांत मुले काम करत असल्याचे दाखवले, तेव्हा एका अमेरिकी ब्रँडने तो पोशाख बाजारातून मागे घेतला. परदेशी ब्रँडचा पोशाख होता म्हणून बातमी जगभर गेली. लग्नसराईसाठी तयार होणाऱ्या देशी लेहेंग्यावरची जर कोणाच्या बोटांनी भरली, हे विचारणारा खरेदीदार नव्हता.

भारताने मालाची ओळख पटवण्याचा प्रयत्न केलाच नाही, असे म्हणता येणार नाही. अमेरिकी सिनेटर टॉम हार्किन यांनी १९९२ मध्ये बालमजुरीच्या मालावर आयातबंदीचे विधेयक आणल्यानंतर भदोही-मिर्झापूरचा गालिचा उद्योग हादरला. १९९४ मध्ये कैलाश सत्यार्थी यांच्या पुढाकाराने ‘रगमार्क’ हे चिन्ह आले, १९९५ मध्ये गालिचा निर्यात प्रोत्साहन परिषदेने ‘कालीन’ हे स्वतःचे चिन्ह काढले. एकाच गालिच्यासाठी दोन प्रमाणपत्रे झाली, घरोघरच्या मागांवर लक्ष ठेवणे दोन्हींना जड गेले आणि गालिचा अमेरिकेच्या यादीतून सुटला नाही. हार्किन विधेयक कधी संमत झाले नाही. पण त्याच्या नुसत्या धास्तीने बांगलादेशातील कपडा कारखान्यांनी हजारो मुलांना कामावरून काढले आणि त्यांतील अनेक जण दगड फोडण्यासारख्या अधिक वाईट कामांकडे वळले, हे युनिसेफने नोंदवले आहे. माल स्वच्छ झाला, मुले रस्त्यावर आली.

याच्या उलट उदाहरण तामिळनाडूच्या दिंडिगुल जिल्ह्यातले आहे. अमेरिकेच्या सीमाशुल्क विभागाने जुलै २०२२ मध्ये तेथील एका कापड कारखान्याचा माल रोखण्याचा आदेश काढला. १९३० च्या अमेरिकी टॅरिफ कायद्यातील कलम ३०७ खाली निघालेला हा आदेश जेमतेम दीड महिन्यात मागे घेतला गेला. त्याआधीच, एप्रिल २०२२ मध्ये, दलित महिलांचे नेतृत्व असलेल्या कामगार संघटनेने कंपनी व ब्रँडशी बंधनकारक करार केला होता आणि कारखान्यातील परिस्थितीवर कामगार महिलाच लक्ष ठेवू लागल्या होत्या. आदेश हटवण्यास हा बदल उपयोगी पडला. वर्षातून एकदा येणाऱ्या लेखापरीक्षकाला जे दिसत नाही, ते यंत्रावर बसणाऱ्या बाईला रोज दिसते. ओळख पटवण्याचे हे एकच प्रारूप आतापर्यंत खात्रीने चाललेले दिसते.

ही चर्चा आता लांबणीवर टाकता येणार नाही. युरोपीय संघाचा सक्तीच्या श्रमातील मालावर बंदी घालणारा कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अस्तित्वात आला असून १४ डिसेंबर २०२७ पासून तो लागू होईल. अमेरिकेच्या यादीप्रमाणे तो नुसता इशारा देणार नाही. माल बाजारातून काढायला लावेल. धोका अधिक असलेले प्रदेश व वस्तू यांचा सार्वजनिक माहितीसाठा युरोपीय आयोगाला उभारायचा आहे. दुसरीकडे, मार्च २०२५ मध्ये अमेरिकी श्रम विभागाने परदेशातील बालमजुरीविरोधी प्रकल्पांची अनुदाने बंद केली. म्हणजे अमेरिकेची यादी ज्या स्थानिक माहितीवर उभी राहते तो झराच आटत आहे, आणि त्याच वेळी युरोपचा कायदा अशाच माहितीवर निर्णय घेणार आहे. माहिती जितकी विरळ, तितका ठपका संपूर्ण जिल्ह्यावर किंवा संपूर्ण उद्योगावर येण्याची शक्यता अधिक.

श्रममानके व्यापाराशी जोडू नयेत, ही भारताची भूमिका १९९६ च्या सिंगापूर येथील जागतिक व्यापार संघटनेच्या परिषदेपासून कायम आहे. बड्या देशांचा संरक्षणवाद या वेशात येतो, ही शंका अनाठायीही नाही. पण जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारात भारताने श्रमविषयक प्रकरण स्वीकारले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे सक्तीच्या श्रमाविषयीचे दोन्ही करार भारताने फार पूर्वी, तर बालमजुरीविषयीचे दोन्ही करार १३ जून २०१७ रोजी मान्य केले आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. बांधिलकीचे कागद आता पुरेसे आहेत. वानवा आहे ती टन, नग किंवा मीटर यांच्या नोंदीशेजारी मजुराचे नाव लिहिणाऱ्या वहीची.

महाराष्ट्रात अशी वही सुरू करता येण्याजोगी जागा आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळलेल्या उसाच्या टनामागे १० रुपये घेण्याची तरतूद आहे आणि तितकीच रक्कम सरकारने घालायची आहे. मजुरांची नोंदणी करून ओळखपत्रे देण्याचे कामही त्याच्याकडे आहे. हे ओळखपत्र वजनकाट्याच्या पावतीशी जोडले, कोयत्यातील बाईचे नाव वेगळे लिहिले आणि उचलीची रक्कम ठेकेदाराच्या करारात नोंदवली, तर कोणती साखर कोणत्या अटींवर तोडलेल्या उसाची आहे हे सांगता येईल. साखर कारखानदारी ज्यांच्या हाती आहे त्यांतील अनेकांचे राज्याच्या राजकारणातील वजन पाहता ही नोंद आपोआप सुरू होईल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. खरेदीदाराचा दट्ट्या मात्र वजनकाट्यापर्यंत पोहोचू शकतो.

सोळा वर्षांनंतरची जनगणना येत आहे. लोकसंख्येची प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरली आहे. तो गळीत हंगामाच्या भराचा काळ असतो. मोजणीदार बीडच्या वाड्या-वस्त्यांवर पोहोचतील तेव्हा तेथील अनेक घरांना कुलूप असेल आणि घरातली माणसे, मुलांसह, दोनशे-तीनशे किलोमीटर दूर कारखान्याच्या परिसरातील कोपींत असतील.