मुदत तुमची, मग घड्याळही दाखवा!

मंडळी, आज जरा भांडायच्या मूडमध्ये आहे. हा ब्लॉग वाचणाऱ्यांत आमचे भाचे-पुतणे बरेच आहेत आणि त्यातले निम्मे सॉफ्टवेअरवाले. त्यांनी रागावू नये... किंवा खुशाल रागवावं, पण शेवटपर्यंत वाचावं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जे ॲप किंवा संकेतस्थळ लोकांना मुदत घालतं, त्याने स्वतःची वेळ भरवशाच्या ठिकाणाहून घ्यावी आणि ती समोरच्या माणसाला पडद्यावर दाखवावी. हे दोन्ही न करणाऱ्याला 'तुम्हाला उशीर झाला' असं म्हणायचा अधिकार नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. ओळखीतली एक मुलगी प्रवेशअर्ज भरत होती. मुदत त्याच रात्री 11:59 पर्यंत. (शेवटच्या दिवसापर्यंत का थांबली? तर उत्पन्नाचा दाखला त्या दिवशी संध्याकाळी हातात पडला म्हणून!) पैसे भरून झाले, 'सबमिट' दाबलं, तेव्हा तिच्या फोनवर 11:54 झाले होते. उत्तर आलं, मुदत संपली. दुसऱ्या दिवशी चौकशी केली तर 'आमच्या सिस्टीमच्या वेळेनुसार' एवढंच. त्या सिस्टीममध्ये तेव्हा किती वाजले होते आणि ती वेळ आली कुठून, हे सांगणारा एकही माणूस तिथे भेटला नाही. पहिली फेरी हुकली ती हुकलीच.

यावर आमचे एक भाचेबुवा म्हणाले, "मामा, संगणकाचं घड्याळ दोन सेकंद मागेपुढे असणारच, त्याने काय होतंय?" अहो, रोजचे दोन सेकंद म्हणजे वर्षाला 730 सेकंद. बारा मिनिटांहून जास्त! पाचवीचं गणित आहे. कुणी ते घड्याळ लावतच नसेल तर चूक साचत जाते. आणि आतली बटणासारखी बॅटरी मेली तर काही संगणक थेट कित्येक वर्षं मागची तारीख धरून बसतात. मग बँकेचं संकेतस्थळही उघडत नाही, कारण त्याच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत तपासायलाही खरी तारीख लागते.

बरं, यावर उपाय नाही असंही नाही. आपण पूर्वी आकाशवाणीच्या ठोक्यांवर घड्याळ लावायचो, तशी सोय संगणकांसाठी 1985 पासून आहे. अमेरिकेतल्या डेव्हिड मिल्स यांनी ती उभी केली. डेलावेअर विद्यापीठातले हे प्राध्यापक 2024 साली वारले. त्या पद्धतीचं नाव एनटीपी. तुमचा संगणक दूरच्या सर्व्हरला विचारतो, 'किती वाजले?' उत्तर येईपर्यंत वेळ जातोच. म्हणून निरोप इथून कधी निघाला, तिथे कधी पोचला, तिथून कधी निघाला आणि इथे कधी परतला, या चार वेळा टिपतात आणि प्रवासाचा वेळ हिशेबात धरतात. साध्या इंटरनेटवरही चूक उरते ती सेकंदाच्या लहानशा भागाइतकी. तीही फुकट! आणि तरी वापरायचा आळस.

वापरणारेही कसे वापरतात पाहा. 2003 साली नेटगियर कंपनीच्या राउटरांमध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या एकाच सर्व्हरचा पत्ता कोरून ठेवलेला सापडला. उत्तर मिळालं नाही की दर सेकंदाला पुन्हा विचारायचं! लाखो यंत्रं त्या एका दारावर तुटून पडली. दुसरी गोष्ट 19 नोव्हेंबर 2012 ची. अमेरिकी नौदलाच्या वेधशाळेचे सर्व्हर काही वेळ चक्क 2000 साल सांगत होते. ज्यांनी डोळे मिटून त्यांच्यावरच विश्वास ठेवला, त्यांचे संगणक बारा वर्षं मागे गेले. एकालाच विचारू नये, चौघांना विचारावं आणि जो वेगळंच सांगेल त्याला बाजूला ठेवावं, हे गावातल्या पंचांना कळत होतं. एनटीपीतही ती सोय आहेच.

आपल्याकडे भारतीय प्रमाणवेळ सांभाळते नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, अणुघड्याळांवर. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने 28 एप्रिल 2022 च्या आदेशात कंपन्यांना आणि सरकारी कार्यालयांना सांगितलं, की आपल्या यंत्रणांची घड्याळं या प्रयोगशाळेच्या किंवा एनआयसीच्या सर्व्हरशी जुळवून ठेवा. म्हणजे नियमही आहे. पण अर्ज भरणाऱ्याला तो पाळला की नाही हे कळणार कसं?

शिवाय वेळ बरोबर असूनही तारीख चुकवणारे महाभाग आहेतच. बरेच सर्व्हर जागतिक वेळेवर चालतात. ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. 1 जुलैला पहाटे 5 वाजता केलेला अर्ज तिथे 30 जून, रात्री 11:30 असा नोंदला जातो. साठवताना जागतिक वेळ जरूर साठवा, पण मुदत तपासताना आणि पावती छापताना साडेपाच तास मिळवायला विसरू नका. आणि '31 तारखेला रात्री 12 पर्यंत' असं तर लिहूच नका. कुठली रात्र? 30 ची की 31 ची? असं मोघम वाक्य लिहिणाऱ्या मुलाला मी वर्गात उभं केलं असतं.

आता मला खरा राग कशाचा येतो ते सांगतो. सरकारी ई-निविदांच्या संकेतस्थळावर सर्व्हरची वेळ पडद्यावर दिसते आणि मुदतीसाठी तीच धरली जाईल, असं निविदेच्या सूचनांत छापलेलं असतं. म्हणजे कंत्राटदाराला घड्याळ दाखवायचं, आणि सतरा वर्षांच्या पोरीला नाही? का? तो कोर्टात जाऊ शकतो आणि ती नाही, म्हणून?

कुणी म्हणेल, फोनचं घड्याळ असतं की. अहो, ते सेटिंगमध्ये जाऊन कुणालाही बदलता येतं. म्हणून त्यावर मुदत ठरवू नये, हे मलाही मान्य. पण मग ज्या घड्याळावर ठरवता ते तरी दाखवा!

मुंबईकरांना आठवत असेल, 1906 साली प्रमाणवेळ आली तरी मुंबईत 39 मिनिटं मागे असलेली मुंबईची वेळ कित्येक वर्षं टिकून होती. पण तेव्हा दोन्ही घड्याळं लोकांना माहीत होती. कुठलं घड्याळ धरायचं ते ठरवून माणूस घराबाहेर पडायचा. आज एकच प्रमाणवेळ आहे, आणि तरी निकाल देणारं घड्याळ भिंतीआड लपलेलं!

तेव्हा भाचे-पुतण्यांनो, पुढच्या वेळी अर्जाचं पान बनवाल तेव्हा एवढं करा. वेळ दोन-चार विश्वासू सर्व्हरांकडून घ्या. ती पानाच्या माथ्यावर, सेकंदांसकट, 'भारतीय प्रमाणवेळ' असं लिहून दाखवा. पावतीवर तीच वेळ छापा. साहेब म्हणाले 'गरज नाही', तर त्यांना विचारा, मुदत घालायची तरी गरज आहे का?

सॉफ्टवेअरवाल्यांनी प्रतिवाद जरूर करावा. प्रतिक्रियांची वाट पाहतो. त्यांना मात्र मुदत नाही!