केशप्रत्यारोपणानंतरचे बारा महिने कोणाचे?

गणपती झाले की केशप्रत्यारोपण करून घ्यायचे आणि मार्गशीर्षात भरगच्च केसांनी बोहल्यावर उभे राहायचे, असा हिशेब मंचरकडच्या एका 27 वर्षांच्या तरुणाने केला होता. त्यासाठी कर्ज काढले, हप्ते सुरू झाले. सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग ओपीडीत तो आला तेव्हा दिवाळी नुकतीच संपली होती आणि शस्त्रक्रियेला 45 दिवस झाले होते. खिशातून त्याने कागदाची पुडी काढून टेबलावर ठेवली. पुडीत गळलेले केस होते, आणि बहुतेकांच्या टोकाला बारीकसा पांढरा ठिपका होता. "मुळासकट निघाले, सर," एवढेच तो म्हणाला.

मुळासकट काहीही निघालेले नव्हते. तो पांढरा ठिपका म्हणजे मूळ नव्हे. वाढ थांबलेल्या केसाचे टोक असे गाठीसारखे होते. रोज डोक्यावरून जे 50 ते 100 केस सहज गळतात, त्यांच्याही टोकाला तो दिसतो. केस तयार करणारे खरे मूळ त्वचेच्या आत तसेच राहते. नवे लावलेले मूळ उपटून बाहेर आले असते, तर ते पहिल्या आठवड्यात आले असते आणि त्या जागी रक्ताचा थेंब दिसला असता.

डोक्यावरचा प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, दोन-तीन आठवडे आवरते घेतो, मग सुमारे तीन महिने विश्रांती घेऊन गळतो, आणि त्याच मुळातून पुन्हा नवा येतो. प्रत्यारोपणात मागच्या बाजूचे केशमूळ त्याच्या रक्तपुरवठ्यापासून तोडले जाते, काही तास बाहेर ठेवले जाते आणि पुढे नव्या छिद्रात बसवले जाते. एवढा धक्का बसल्यावर ते मूळ वाढ थांबवून विश्रांतीत जाते. म्हणून दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात लावलेले बहुतेक केस गळून पडतात. नवा केस त्वचेबाहेर दिसू लागतो तो तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. मधल्या काळात माणूस शस्त्रक्रियेपूर्वी होता त्याहून विरळ दिसू शकतो, कारण आजूबाजूचे मूळचे केसही या धक्क्याने काही काळ गळतात. यातले जे आधीच फार बारीक झालेले असतात ते कधीकधी परत येत नाहीत, हेही सांगायला हवे.

मावळात किंवा कोकणात वाढलेल्या माणसाला हे समजावणे सोपे जाते. भाताची लावणी झाली की रोपे आठवडाभर पिवळी पडून मान टाकतात. त्या दिवसांत कोणी शेतकरी ती उपटून बघत नाही. फरक इतकाच, की भात चार-साडेचार महिन्यांत कापणीला येतो आणि डोक्यावरच्या या पिकाला वर्ष लागते. टाळूच्या मागच्या भोवऱ्यात तर दीड वर्षही लागू शकते.

हे सगळे त्या तरुणाला शस्त्रक्रियेपूर्वी कोणी सांगितले होते का? एका लांबलचक संमतिपत्रावर त्याची सही होती, त्यात कुठेतरी ते असेलही. त्याला आठवत होते ते एवढेच, की "तीन महिन्यांत रिझल्ट" असे काउन्सेलर म्हणाली होती. तीन महिन्यांत पहिले कोंब दिसतात हे खरे. पण लग्नाच्या फोटोत दिसेल असा परिणाम आणि कोंब यांत अंतर आहे.

शस्त्रक्रिया एका दिवसाची असते आणि उपचार वर्षभराचा. पैसे मात्र त्या एका दिवसाचे घेतले जातात, आणि उरलेल्या 364 दिवसांची जबाबदारी कोणाची हे कुठेच लिहिलेले नसते. केशप्रत्यारोपणाविषयीची खरी तक्रार ही आहे. शस्त्रक्रिया वाईट नाही. मागच्या बाजूचे केस पुढे लावले तरी ते मागच्याच स्वभावाने वागतात, टक्कल पाडणाऱ्या संप्रेरकाला फारसे बधत नाहीत, हे न्यू यॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेन्ट्राइख यांनी 1959 मध्ये मांडले आणि ते टिकले आहे. योग्य माणसावर, योग्य हातांनी केलेली ही शस्त्रक्रिया चांगला परिणाम देते. प्रश्न नंतरच्या महिन्यांचा आहे.

पहिले दहा दिवस त्यातल्या त्यात बरे जातात, कारण सूचनांचा कागद हातात असतो. पहिल्या काही रात्री डोके उंचावर ठेवून झोपायचे, सांगितल्याप्रमाणे सलाईनचा फवारा मारायचा, खपल्या ओढायच्या नाहीत. पहिल्या पाच-सहा दिवसांत खपली ओढली तर मूळही बाहेर येऊ शकते, नवव्या-दहाव्या दिवसापर्यंत ते पक्के बसते. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कपाळावर येते आणि खाली डोळ्यांपर्यंत उतरते. घरचे घाबरतात, पण ती आपोआप ओसरते. हेल्मेटचा प्रश्न आपल्याकडे खरा आहे. घट्ट हेल्मेट नव्या मुळांवर घासते, म्हणून दोन आठवडे दुचाकीच नको. दुचाकी चालवायची आणि हेल्मेट घालायचे नाही, हा मार्ग कोणी काढू नये. आणि आईच्या हातची तेलाची चंपी कितीही मायेची असली तरी डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांबायला हवी. सिगारेट ओढणाऱ्याने या काळात ती ओढू नये, कारण नव्या मुळांना मिळणारे रक्त तीच आधी कमी करते.

नंतर कागद संपतो आणि माणूस आरशासमोर एकटा राहतो. दुसऱ्या महिन्यापासून तो दिवसातून दहा वेळा आरशात बघतो, लिफ्टमधल्या दिव्याखाली मोबाइलने डोके टिपतो, कालच्या फोटोशी आजचा ताडून बघतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. रोज बघणाऱ्याला त्यात काय दिसणार? दिसते ते फक्त दिव्याचे बदलणे, ओल्या केसांचे चिकटणे, आणि स्वतःची भीती.

त्यावर उपाय साधा आहे. महिन्यातून एकदाच फोटो काढायचा, ठरलेल्या तारखेला. जागा तीच, ट्यूबलाइट तीच, केस कोरडे आणि त्याच पद्धतीने विंचरलेले, शक्यतो त्याच लांबीचे. समोरून, दोन्ही बाजूंनी, वरून आणि मागून असे पाच फोटो, दुसऱ्या कोणाकडून काढून घेतलेले. मागचा फोटो बहुतेक जण विसरतात. वास्तविक जिथून केस काढले ती जागा तिथे आहे. काढलेले मूळ तिथे परत येत नाही, त्यामुळे प्रमाणाबाहेर केस काढले गेले असतील तर ते याच फोटोत उघड होते. डोक्याच्या मागचा साठा जन्मभराचा असतो, काही हजारांचा, आणि 25 व्या वर्षी कपाळावर खाली ओढलेल्या रेषेत तो उधळला, तर 45 व्या वर्षी मागे पसरलेल्या टकलासाठी काही उरत नाही. फोटो काढून झाले की पुढच्या महिन्यापर्यंत बघायचे नाहीत. हे सांगायला सोपे आणि पाळायला अवघड आहे.

जमेल तिथे त्वचारोगतज्ज्ञाने डर्मोस्कोपने ठरावीक जागा तपासावी. भुवयांच्या मध्यापासून मोजलेल्या अंतरावरचा तोच एक चौरस सेंटिमीटर दर तीन महिन्यांनी पाहिला, तर केस किती आले आणि किती जाड झाले हे कळते. निरोगी टाळूवर एवढ्या जागेत केसांचे साधारण 80 पुंजके असतात. प्रत्यारोपणात सहसा 30 ते 40 बसवले जातात. तेवढ्याने डोके झाकलेले दिसते, कारण मूळची दाटी निम्म्यावर येईपर्यंत डोळ्याला विरळपणा फारसा जाणवत नाही. पण ती शाळेतली दाटी नव्हे, आणि तशी कधी होणारही नाही.

आता लांबीचा हिशेब. केस चौथ्या महिन्यात बाहेर पडला, तर सहाव्या महिन्यात तो दोन-तीन सेंटिमीटरचा असतो, तोही बारीक, कधी विचित्र कुरळा. जाडी पुढच्या महिन्यांत भरते. दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात टाळूवर पुटकुळ्या येतात. बहुधा तो त्वचेखाली अडकलेला नवा केस असतो. त्या फोडायच्या नाहीत, वाढल्या किंवा दुखल्या तर दाखवायच्या. मागच्या भागातला बधिरपणा कधी आठवडे, कधी काही महिने राहतो. हे सगळे शेवटी नऊ ते बारा महिन्यांत ठरते. म्हणून "फेल गेले" हा निकाल सहाव्या महिन्याआधी कोणीच देऊ नये, आणि दुसऱ्या बैठकीचा विचार वर्षाआधी करू नये.

नेमक्या याच महिन्यांत विक्री जोरात असते. घाबरलेला माणूस फोन करतो आणि त्याला पीआरपीच्या सहा बैठकांचे पॅकेज सांगितले जाते, किंवा महागड्या गोळ्यांचा डबा दिला जातो. गळालेले केस चौथ्या महिन्यात येणारच असतात. ते आले की श्रेय पॅकेजला मिळते. पीआरपीचा काहींना फायदा होतही असेल, पण ते तयार करण्याची आणि देण्याची पद्धत दवाखान्यागणिक वेगळी आहे, आणि दोन महिन्यांच्या भीतीवर ते विकणे उचित नाही. बायोटिनचा उपयोग शरीरात त्याची कमतरता असेल तरच, आणि ती क्वचित असते. उलट बायोटिनच्या मोठ्या मात्रेमुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या ट्रोपोनिन चाचणीचे आकडे चुकू शकतात. केसांची गोळी घेणाऱ्याने रक्त देताना प्रयोगशाळेत ते सांगितलेच पाहिजे. किती जण सांगतात?

औषधांचा खरा प्रश्न वेगळा आहे आणि तो पॅकेजच्या गोंगाटात हरवतो. लावलेले केस टिकतील, पण त्यांच्या मधले मूळचे केस पातळ होतच राहतात. वर्षभराने नवे आले आणि जुने गेले, तर फोटोत फरकच दिसत नाही आणि दोष प्रत्यारोपणावर येतो. त्यासाठी मिनॉक्सिडिल आणि पुरुषांमध्ये फिनास्टेराइड ही औषधे आहेत. ती थांबवली की काही महिन्यांत फायदा ओसरतो, म्हणजे निर्णय दीर्घकाळाचा आहे. फिनास्टेराइडने काहींची लैंगिक इच्छा कमी होते, काहींचे मन खचते. पन्नाशीनंतरच्या पुरुषात प्रोस्टेटच्या पीएसए चाचणीचा आकडा या औषधाने सुमारे निम्मा दिसतो. अशी गोळी व्हॉट्सॲपवर नाव पाठवून सुरू करायची नसते.

थांबायचे नाही अशीही काही लक्षणे आहेत. वाढत जाणारी वेदना, पू, ताप, त्वचा काळी पडणे, आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत घसा-चेहरा सुजून श्वासाला त्रास होणे. यात फोनवर धीर देणे चालत नाही, तडक रुग्णालय गाठायचे. चेन्नईत 2016 मध्ये वैद्यकीय शाखेच्या एका विद्यार्थ्याचा आणि मुंबईत मार्च 2019 मध्ये 43 वर्षांच्या एका उद्योजकाचा प्रत्यारोपणानंतर मृत्यू झाला. ही शस्त्रक्रिया कोणी करावी याबद्दल राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये सूचना काढल्या. प्लॅस्टिक सर्जरी किंवा त्वचारोग यांचे रीतसर प्रशिक्षण हवे, आणि एखादी कार्यशाळा किंवा यूट्यूबवरचे व्हिडिओ पाहणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. चांगले झाले. पण सूचना शस्त्रक्रियेच्या टेबलाशी थांबतात.

मंचरच्या तरुणाकडे टेबलावर ठेवायला दोनच गोष्टी होत्या, ती पुडी आणि पैसे भरल्याची पावती. किती ग्राफ्ट लावले, कोणत्या डॉक्टरने लावले, कोणते औषध किती दिले, यातले काहीच लेखी नव्हते. साध्या अपेंडिक्सच्या रुग्णालाही डिस्चार्ज कार्ड मिळते. केशप्रत्यारोपणाच्या प्रत्येक रुग्णाला ते मिळायला हवे, आणि त्याच कार्डावर दहावा दिवस, तिसरा, सहावा, नववा, बारावा महिना अशा तपासणीच्या तारखा हव्यात. त्या तपासण्या त्याच डॉक्टरने करायच्या आणि त्यांचे पैसे आधी घेतलेल्या रकमेतच धरायचे. बारा महिने रुग्णाला भेटण्याची तयारी नसलेल्याने चाकू हातात घेऊ नये. जाहिरातीतले आधीचे आणि नंतरचे फोटोही एकाच प्रकाशात, तितक्याच कोरड्या केसांचे आणि शस्त्रक्रियेला किती महिने झाले ते लिहून छापण्याची सक्ती व्हावी.

त्या दिवशी ओपीडीत डॉक्टरांनी पुडीतला एक केस डर्मोस्कोपखाली धरून तरुणाला स्वतःला बघू दिला. मग त्याची टाळू दाखवली. खाली रिकामी दिसणारी छिद्रे होती, पू नव्हता, त्वचा निरोगी होती. "लग्न पुढे ढकलू का?" त्याने विचारले. "फेटा बांधणार ना?" डॉक्टरांनी विचारले. तो पहिल्यांदा हसला.

लग्न ठरल्या मुहूर्तावर झाले. पाडव्याच्या सुमारास तो पुन्हा आला, बायकोला घेऊन. महिन्याचे फोटो आता तीच काढते. कपाळावर दोन-अडीच सेंटिमीटरचे केस होते, भोवऱ्यात अजून विरळच. कर्जाचे हप्ते चालू आहेत. केसपेपरवर पुढची तारीख जूनची पडली आहे, त्यानंतरची गणपतीची.