जिराफाची नौका आणि बरगीचं पाणी

कॅथलिक घरांत दोन वाक्यं मी वर्षानुवर्षं ऐकते आहे. पहिलं : "मुलांच्या धर्माचं काय ते फादर आणि सिस्टर बघतील." दुसरं : "पुस्तकं हवीच असतील तर इंग्रजीत हवी तेवढी मिळतात, चांगली रंगीत." पहिल्या वाक्यानं आईबाप मोकळे होतात, दुसऱ्यानं आपले लेखक-प्रकाशक. माझं भांडण या दोन्ही वाक्यांशी आहे. मुलाच्या श्रद्धेचं पहिलं पुस्तक घरात, घरच्या माणसाच्या तोंडून आणि घरच्या भाषेत वाचलं गेलं पाहिजे; तसं होत नसेल तर पुढे कितीही धर्मशिक्षण दिलं तरी ते शाळेतल्या आणखी एका विषयासारखं होतं. परीक्षा झाली की विसरायचं.

मी हे बरगीहून लिहिते आहे. जबलपूर जिल्ह्यातलं हे गाव नर्मदेवरच्या धरणामुळे लोकांना माहीत आहे. इथे बाजारात हिंदी, शाळेत इंग्रजी, आमच्या घरात मराठी. मिस्सा हिंदीत होते. संध्याकाळची जपमाळ अजून मराठीत होते, कारण ती सांगणारी मी आहे. नातवंडांना प्रार्थना पाठ आहेत, पण अर्थ विचारला की एकमेकांची तोंडं बघतात. पाठांतराला माझा विरोध नाही. पण पाठांतरावर सगळं सोडून आपण निश्चिंत बसलो आहोत, आणि त्या निश्चिंतीला माझा विरोध आहे.

आता त्या रंगीत पुस्तकांकडे वळू. त्यांत नोहाची गोष्ट हमखास असते. गुबगुबीत नौका, छपरातून मान काढलेला जिराफ, हसरा म्हातारा आणि वर इंद्रधनुष्य. चित्र सुरेख असतं. पण बरगीत बसून ही गोष्ट वाचून पाहा. १९९० मध्ये हे धरण भरलं. जबलपूर, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांतली १६२ गावं त्याच्या तडाख्यात सापडली. शेतं गेली, देवळं गेली, पुरलेली माणसंही पाण्याखाली गेली. विस्थापितांतले कित्येक जण जबलपुरात रिक्षा ओढायला गेले. त्यांची नातवंडं आज आमच्या नातवंडांबरोबर खेळतात. अशा गावातलं पोर जिराफ पाहून हसतं आणि लगेच विचारतं : "नौकेत नव्हते, त्यांचं काय झालं? त्यांनी घर का नाही हलवलं? त्यांना कुणी सांगितलं नव्हतं?"

रंगीत पुस्तकाकडे याचं उत्तर नाही, कारण हा प्रश्न येईल अशी त्याची कल्पनाच नव्हती. ते अशा मुलासाठी लिहिलेलं आहे, ज्याच्या लेखी पूर म्हणजे आंघोळीच्या टबातला खेळ. आई गोंधळते, "ते लोक वाईट होते" म्हणते आणि पान उलटते. पोर समोरच्या रिक्षावाल्याच्या मुलाकडे बघतं. तो तर वाईट नाही! धर्म आणि आपलं जगणं यांचा एकमेकांशी संबंध नाही, हे त्या पोरानं त्याच क्षणी मनाशी टिपून ठेवलेलं असतं.

आणि उत्तर बायबलातच आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात पूर येण्याआधी नोहाच्या तोंडी एकही शब्द नाही. सांगितलं तसं त्यानं केलं, एवढंच. पण तेच पुस्तक थोडं पुढे वाचलं की अब्राहाम भेटतो. सदोम नगराचा नाश होणार हे कळल्यावर तो देवाशी चक्क घासाघीस करतो. पन्नास नीतिमान माणसं सापडली तर? पंचेचाळीस? चाळीस? असं करत तो दहापर्यंत खाली येतो, आणि देव प्रत्येक वेळी ऐकून घेतो. या दोन गोष्टी शेजारी ठेवून मुलाला वाचून दाखवा. "तुझा प्रश्न अब्राहामाचाच आहे" एवढं सांगा. प्रश्न विचारणं हे पाप नाही, ती प्रार्थनेचीच एक जात आहे, हे त्याला प्रवचनाशिवाय कळेल. असं पुस्तक करायला आर्ट पेपर लागत नाही, वाचकाचं गाव ओळखणारा लेखक लागतो.

"मराठीत ही परंपराच नाही" असं कुणी म्हणालं की मला राग येतो. परंपरा चारशे वर्षांची आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघीय १५७९ मध्ये गोव्याला आला आणि चाळीस वर्षं तिथेच राहून १६१९ मध्ये वारला. त्याचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. अकरा हजारांच्या आसपास ओव्या. हे पुस्तक का झालं, हे त्याच्या आरंभीच सांगितलेलं आहे. नव्यानं ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग आम्ही वाचायचं काय? पोर्तुगीज सत्तेनं लोकांची पुस्तकं हिरावून घेतली होती, ही त्या काळाची काळी बाजू आहे आणि ती झाकू नये. पण त्या माणसाचा प्रश्न खरा होता, आणि स्टीफन्सनं त्यावर युरोपातलं पुस्तक आणून त्याच्या हातात ठेवलं नाही. त्यानं ज्ञानेश्वर-एकनाथांची ओवी घेतली, स्वर्गाला वैकुंठ म्हटलं आणि ऐकणाऱ्याच्या कानाला सवयीच्या लयीत ख्रिस्ताची कथा सांगितली. मधूनमधून श्रोते शंका विचारतात, गुरू उत्तरं देतो.

हे पुस्तक टिकलं कसं, हेही पाहा. १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापलं गेलं. पुढे १६८४ मध्ये गोव्यात स्थानिक भाषेवरच बंदीचा हुकूम निघाला. त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी हस्तलिखितं जपली, घराघरांत ती वाचली, म्हणून १९०७ मध्ये जोसेफ सालदान्हा यांना मंगळूरला ते पुन्हा छापता आलं. देवनागरीत ते १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी आणलं. छापखान्यानं हरवलेलं पुस्तक घरांनी राखलं. पुस्तकाचं काम चर्चनं बघावं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर हेच आहे.

आज आपण स्टीफन्सचं काय करतो? मराठी दिनाच्या भाषणात त्यानं केलेली मराठीची स्तुती वापरतो आणि पुस्तक कपाटात परत ठेवतो. दहा वर्षांच्या मुलानं वाचावं असं त्याचं सोपं, सचित्र रूप माझ्या हाती कधी आलेलं नाही. मोठ्यांसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी सुबोध बायबल केलं. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा काहींनी विरोध केला आणि बाकीच्यांनी आपल्या उदारपणाबद्दल स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. त्या बायबलची भाषा मुलांपर्यंत नेणारी पुढची पायरी बांधायची मात्र कुणाला सुचली नाही. प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकातच 'बालबोधमेवा' नावाचं मुलांचं मासिक काढलं होतं. आम्ही कॅथलिक मुलांच्या हाती प्रश्नोत्तरांची पुस्तिका देत राहिलो, आणि तिच्यात प्रश्नही आमचे, उत्तरंही आमचीच!

आक्षेप मला ठाऊक आहेत. "हिंदी मुलखात मराठीचा हट्ट कशाला?" हट्ट मराठीचा नाही. ज्या घरात हिंदी बोलतात तिथे हिंदी हवी, जिथे गोंडी बोलतात तिथे गोंडी हवी. आई ज्या भाषेत रागावते आणि जवळ घेते, त्या भाषेत देव बोलला पाहिजे. "वाचक किती, खर्च परवडेल का?" 'निरोप्या' हे कॅथलिक मासिक १९०३ पासून चालत आलं आहे. तेव्हा कुठे बाजारपेठ होती? तिसरा आक्षेप या नियतकालिकाच्या वाचकांचा असेल : मुलांवर धर्म लादावाच कशाला? लादू नयेच. पण प्रवचन मध्येच थांबवता येत नाही, पाठांतराशी वाद घालता येत नाही. पुस्तक मिटता येतं, मागचं पान काढून "इथे असं का?" म्हणता येतं. ज्यांना लादण्याची भीती वाटते, त्यांनी तर पुस्तकाच्याच बाजूनं उभं राहायला हवं.

मग हवं काय? येशूच्या गोष्टी मुळातच स्वयंपाकघरातल्या आणि शेतातल्या आहेत. मोहरीचा दाणा, पिठातलं खमीर, हरवलेल्या एका नाण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी बाई. फोडणीतली मोहरी ज्याच्या रोज नजरेला पडते, त्या मुलाला ही गोष्ट "स्वर्गीय राज्याच्या वृद्धीचे द्योतक" अशा भाषेत सांगणं हा गुन्हा आहे. संतांच्या गोष्टींत नुसते चमत्कार नकोत. बापाशी भांडून अंगावरचे कपडे परत करणारा असिसीचा फ्रान्सिस हवा. तीनदा नाकारून रडणारा पेत्र हवा. पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणारा थोमा हवा, आणि त्याला हाकलून न देणारा येशूही हवा.

मासिकांनी दर अंकात चार पानं मुलांसाठी राखावीत आणि ती मुलांना लिहिता येणाऱ्याकडून लिहून घ्यावीत. मराठी प्रकाशकांनी ख्रिस्ती मुलालाही वाचक समजावं. धर्मगुरूंनी पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी चकचकीत मेणबत्तीबरोबर एक पुस्तक द्यावं, आणि देताना ते मुलाच्या नाही, आईबापांच्या हातात द्यावं. आईबापांनी जपमाळेनंतर दहा मिनिटं ते मोठ्यानं वाचावं. वाचताना पोरानं अडवलं तर थांबावं. उत्तर येत नसेल तर "मलाही माहीत नाही, पुढे वाचून बघू" म्हणावं. त्यानं श्रद्धा बुडत नाही. प्रश्न विचारला म्हणून पान उलटलं, की बुडते.