रसाचें आंबणें संपलें, हें कोणीं ठरवावयाचें?

द्राक्षाचा रस पिंपांत आंबूं लागला म्हणजे त्याचें आंबणें कधीं संपलें, हा प्रश्न वरवर पाहतां कारागिराचा वाटतो. आमच्या मतें तो बागाईतदाराचाही आहे. सांगलीकडील बागाईतदारांपैकीं कित्येकांचा संबंध आतां केवळ द्राक्षें तोडून देण्यापुरता राहिलेला नाहीं. २००१ सालीं महाराष्ट्र सरकारनें द्राक्ष-प्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर केलें व पलूस येथें त्यासाठीं वसाहत झाली. ज्यांनीं या धंद्यांत भांडवल घातलें, किंवा घालण्याचा विचार चालविला आहे, त्यांनीं या प्रश्नाचें उत्तर दुसऱ्याच्या तोंडावर सोंपवूं नये.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. परदेशीं पुष्कळ लोक घरींच बीयर करितात. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालीं परवान्यावांचून मद्य तयार करणें हा गुन्हा आहे. सबब पुढील विवेचन परवान्याच्या धंद्यापुरतेंच समजावें. मोजण्याचें शास्त्र मात्र दोहोंस एकच.

यीस्ट रसांतील साखर खातें व तिचा मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड वायु होतो. वायूचे बुडबुडे थांबले कीं काम झालें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती भ्रामक होय. झांकण सैल असल्यास वायु भलत्या वाटेनें जातो व बुडबुडे दिसत नाहींत. उलट पिंप तापलें कीं विरघळलेला वायु सुटून, साखर संपली असतांही बुडबुडे येतात.

दुसरी फसगत अधिक सूक्ष्म आहे, व ती जाणत्या बागाईतदाराचीच होते. घड उतरविण्यापूर्वीं मण्याच्या रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर घालून ब्रिक्स पाहण्याची आपणांस संवय आहे. तेंच यंत्र आंबत्या पिंपावर नेलें तर तें खोटी साक्ष देतें. मद्यार्कानें प्रकाशाचें वक्रीभवन वाढतें, आणि यंत्र तें साखरेच्या खातीं जमा धरतें. २२ ब्रिक्सचा रस पुरता आंबला तरी त्यांत सहासात अंश दिसतातच.

यास्तव येथें हायड्रोमीटरच हवा. पाण्याचें विशिष्ट गुरुत्व १.००० धरिलें तर २२ ब्रिक्सच्या रसाचें सुमारें १.०९२ भरतें. साखर घटत जाते आणि मद्यार्क पाण्याहून हलका, म्हणून आंकडा उतरतो व कोरड्या वाइनींत साधारण ०.९९० ते ०.९९६ वर येतो. बीयरमध्यें माल्टमधील कांहीं शर्करा यीस्टला पचत नाहींत, म्हणून तेथें तो बहुधा १.०१० च्या आसपास थांबतो. नमुना एका भांड्यांतून दुसऱ्यांत ओतून वायु प्रथम घालवावा. नाहीं तर बुडबुडे यंत्रास चिकटून तें वर उचलतात. उष्णमानही लिहावें, कारण बहुतेक यंत्रें २० अंश सेंटिग्रेडला बेतलेली असतात, आणि आपला हंगाम उन्हाळ्यांत जातो.

आंकडा लागोपाठ तीन दिवस हालला नाहीं, आणि तो अपेक्षित ठिकाणीं आला, या दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच आंबणें संपलें म्हणावें. रस फार तापला कीं यीस्ट मरगळतें व आंकडा १.०१५ सारख्या ठिकाणीं अडून बसतो. तें आंबणें संपलेलें नव्हे, थांबलेलें असतें. अशी वाइन बाटल्यांत भरली तर उरलेली साखर पुढें आंबूं लागते, बुचें उडतात, प्रसंगीं बाटल्या फुटतात. उलट, काम संपल्यावरही पिंप अर्धवट रिकामें व उघडें राहिलें तर हवेनें शिरका होतो. दोहींकडून नुकसान भागीदाराचें.

कोणी म्हणतील, अनुभवी कारागिरास आंकडे कशाला? गुळव्याचा हात काहिलींतील पाकाची गोळी ओळखतो, हें आम्ही जाणतों. पण गुळाची चूक त्याच दिवशीं वाफ्यांत दिसते. वाइनीची चूक कांहीं महिन्यांनीं, तीही दुसऱ्याच्या दुकानांत. आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें. नजरेनें ठरविलेली पैसेवारी आणि प्रत्यक्ष पीक-कापणीचा आंकडा यांत किती अंतर पडतें, व त्यापायीं गांवास मिळावयाच्या सवलतीचें काय होतें, हें शेतकऱ्यांस सांगावयास नको. जो आपल्या शेताची हद्द मोजणीवांचून मान्य करीत नाहीं, त्यानें आपल्या रसाची हद्द "झालें" या एका शब्दावर कां मान्य करावी?

आमची सूचना लहान आहे. प्रत्येक पिंपाची एक वही असावी. तींत तारीख, उष्णमान, आंकडा व वाचणाऱ्याची सही असावी. आणि ती पाहण्याचा भागीदाराचा हक्क करारांतच लिहून घ्यावा. सोसायट्यांनीं एक हायड्रोमीटर व एक थर्मामीटर बाळगावा, आणि २० अंशांच्या शुद्ध पाण्यांत हायड्रोमीटर १.००० दाखवितो कीं नाहीं, हें दर हंगामापूर्वीं पाहावें. खर्च थोडा आहे. तो टाळल्यास पुढें वादाचा निवाडा करण्यास कागद सांपडणार नाहीं.